वळिवड्याची छावणी आणि नात्याचा परवाना

पुण्याच्या मार्केट यार्डांतील फळबाजारांत एक फेरी मारली, तर परदेशी मालाला या देशांत शिरावयास फारसे आयास पडत नाहींत, असेंच कोणासही वाटेल. इराणचीं, न्यूझीलंडचीं, अमेरिकेचीं सफरचंदें नारायणगांवच्या द्राक्षांशेजारीं आणि पुरंदरच्या अंजिरांशेजारीं मांडलेलीं असतात. पेटीवर मूळ देशाचें नांव असलें, मालाची तपासणी झालेली असली आणि जकात भरलेली असली, म्हणजे काम भागतें. माणसाची गोष्ट तशी नाहीं. माणूस परक्या देशाच्या वेशीवर येऊन उभा राहिला, कीं त्यास तीन प्रश्न विचारले जातात : तूं कोण? तूं कां आलास? आणि येथें तुझें कोण आहे? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें कितीही खरीं असलीं, तरी पुष्कळदां तीं अपुरीं पडतात. तिसऱ्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मिळालें, म्हणजे मात्र बंद झालेलें दार पुन्हां उघडतें.

आपल्या देशांत आपल्या जीवास धोका आहे, तरी आम्हांस आश्रय द्यावा, असे अर्ज आज युरोप-अमेरिकेंतील सरकारांकडे मोठ्या संख्येनें येतात, आणि त्यांतील पुष्कळ फेटाळले जातात. अर्ज फेटाळला गेल्यावर त्या देशाच्या नागरिकाशीं विवाह करून राहण्याचा परवाना मिळेल काय, हा प्रश्न तेथील वकिलांपुढें नेहमीं येतो. या प्रकारास कोणी लबाडी म्हणतात, कोणी निरुपाय म्हणतात. आम्हांस हे दोन्ही निर्णय घाईचे वाटतात. कायद्यानें आश्रयाची वाट अरुंद केली आणि नात्याची वाट मोकळी ठेवली, तर माणसें नात्याच्या वाटेनें जाणारच. दोष द्यावयाचा तर तो त्यांस देण्यापूर्वीं वाट आंखणारास विचारले पाहिजे. ही गोष्ट दूरची नाहीं. खुद्द आपल्या महाराष्ट्रांत, कोल्हापूरच्या वेशीवर, ऐंशी वर्षांपूर्वीं ती घडून गेली आहे, आणि तीच आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

आरंभीं एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. आश्रय मागणाऱ्याचा आश्रयावर हक्क असतो, अशी सामान्य समजूत आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. ८ जुलै १९१० रोजीं मार्सेल्सच्या बंदरांत सावरकरांनीं मोरिया बोटींतून उडी टाकून फ्रान्सचा किनारा गांठला, आणि तेथील पोलिसानें त्यांस पुन्हां इंग्रजांच्या स्वाधीन केलें, ही हकीकत मराठी वाचकांस पाठ आहे. पुढें तो वाद हेगच्या लवादापुढें गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं लवादानें निकाल दिला कीं, पकडण्याच्या कामांत अनियमितपणा झाला असला, तरी कैद्यास परत करण्याचें बंधन ब्रिटनवर नाहीं. त्या वादांत एक पक्ष फ्रान्सचा, दुसरा ब्रिटनचा. ज्याच्या जीवाचा प्रश्न होता, तो मनुष्य त्या प्रकरणांत पक्षकार नव्हता. आश्रय देणें अथवा न देणें हा राज्याचा अधिकार असून मागणाऱ्याच्या वांट्यास केवळ विनंति येते, हें तत्त्व त्या निकालावरून पुरतें ध्यानांत येतें. वळिवड्याची कथा वाचतांना हें तत्त्व सतत डोळ्यांपुढें ठेवावें.

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडून, आणि १७ सप्टेंबर रोजीं सोव्हिएट रशियानें पूर्वेकडून पोलंडवर स्वारी केली. रशियाच्या हातीं गेलेल्या पूर्व भागांतून फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ पर्यंत चार लाटांत कांहीं लाख लोकांस घराबाहेर काढून सैबेरिया, कझाकस्तान वगैरे प्रदेशांत पाठविण्यांत आलें. शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, सैनिकांचीं कुटुंबें, सर्वांची एकच गत झाली. पुढें जर्मनीनें रशियावरच हल्ला केल्यामुळें ३० जुलै १९४१ रोजीं रशियानें लंडनमधील परागंदा पोलिश सरकाराशीं करार केला, आणि या बंदिवानांस सुटका मिळाली. जनरल अँडर्स यांच्या हाताखालीं त्यांच्यांतून एक सैन्य उभें राहिलें. १९४२ सालीं तें सैन्य आणि त्याच्या आसऱ्यानें निघालेलीं बायकामुलें, मिळून लाखाहून अधिक माणसें, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरलीं. सैन्य पुढें इटलीच्या रणांगणावर गेलें व मे १९४४ मध्यें माँटे कॅसिनोच्या लढाईंत त्यानें नांव मिळविलें. बायकामुलांस मात्र युद्ध संपेपर्यंत कोठें तरी ठेवणें प्राप्त होतें. भारत, पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको असे त्यांचे वांटे झाले.

भारतांत प्रथम पुढें आले ते नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. त्यांनीं १९४२ सालीं बालाचडी येथें पोलिश मुलांसाठीं छावणी उघडली. त्यांतील पुष्कळ मुलें पोरकीं होतीं, आणि तीं जामसाहेबांस ‘बापू’ म्हणत. त्या मुलांस परदेशीं मिळालेली पहिली मायेची वस्तु कागदाच्या रूपानें आली नाहीं, ती नात्याच्या रूपानें आली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मोठ्या वसाहतीसाठीं जागा मिळाली ती कोल्हापूर संस्थानच्या हद्दींत, शहराच्या पूर्वेस असलेल्या वळिवडे गांवाजवळ. १९४३ पासून तेथें बराकी उठल्या, आणि सुमारें पांच हजार पोलिश माणसें राहूं लागलीं. त्यांत स्त्रिया व मुलें यांचाच भरणा विशेष होता. खर्चाचा मुख्य भार लंडनमधील पोलिश सरकार सोशीत असे. थोड्याच काळांत तेथें शाळा झाल्या, देऊळ म्हणजे त्यांचें कॅथॉलिक चर्च झालें, रुग्णालय झालें, बालवीरांचीं पथकें निघालीं, नाटकें होऊं लागलीं. आसपासच्या गांवांतील दुकानदार छावणींत येऊन भाजीपाला व किराणा विकीत. शेजाऱ्यांची भाषा व्यवहारापुरती दोन्ही बाजूंस येऊं लागली. क्षयाच्या रोग्यांस पांचगणीस पाठविण्याची सोय होती. ज्या माणसांनीं दोन वर्षें बर्फांत उपाशीपोटीं काढलीं होतीं, त्यांस पंचगंगेच्या कांठचें हें जीवन विसाव्याचें वाटलें असल्यास नवल नाहीं. त्या विसाव्याचें स्मरण पुढील पिढीनेंही ठेविलें. कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत त्यांचा स्मारकस्तंभ आहे. इकडे कोल्हापूरच्या उपकाराचें स्मारक पोलंडची राजधानी वॉर्सा येथें उभारलें गेलें, आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजीं भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पचक्र वाहिलें.

उपकाराची ही कथा सर्वत्र सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण तिचा उत्तरार्ध क्वचितच कोणी सांगतो. हा आश्रय मुदतीचा होता. युद्ध चालूं आहे तोंवर राहावें, युद्ध संपतांच परत जावें, या अटीवर ही माणसें या देशांत घेतलीं गेलीं होतीं. अट ठरली तेव्हां ती कोणास जाचक वाटली नसेल, कारण घरीं परत जाण्याची आस त्यांसही होतीच. परंतु फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें तीन बड्या राष्ट्रांच्या धुरिणांनीं पूर्व पोलंड रशियाकडेच राहूं द्यावयाचें ठरविलें. वळिवड्याच्या बहुतेक माणसांचीं घरें त्याच भागांत होतीं. ५ जुलै १९४५ रोजीं ब्रिटन व अमेरिका यांनीं लंडनमधील पोलिश सरकाराची मान्यता काढून घेऊन वॉर्सांतील नव्या कम्युनिस्ट वळणाच्या सरकारास ती दिली. एका रात्रींत या लोकांचें सरकार गेलें. गांव तर आधींच परक्या राज्यांत गेलें होतें. परत जा, असें त्यांस सांगणें सोपें होतें, पण कोठें परत जावें, याचें उत्तर सांगणाराजवळ नव्हतें. ज्या सत्तेनें आपणांस मालगाड्यांत कोंबून सैबेरियास नेलें, तिच्याच छायेखालीं जाऊन राहण्यास त्यांतील बहुसंख्य लोक तयार नव्हते. थोडे परत गेले. बाकीच्यांनीं ठाम नकार दिला.

आतां तिसरा प्रश्न पुढें आला : तुमचें कोण कोठें आहे? ब्रिटिश पार्लमेंटानें मार्च १९४७ मध्यें पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा संमत केला. ब्रिटिश सेनापतींच्या हाताखालीं लढलेले जे पोलिश सैनिक मायदेशीं जाऊं इच्छीत नव्हते, त्यांची ब्रिटनमध्यें सोय लावणें हा त्या कायद्याचा हेतु होता, आणि सैनिकांबरोबर त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्या कुटुंबीयांसही तेथें नेण्यांत आलें. म्हणजे वळिवड्याच्या एकाच बराकींत शेजारीं शेजारीं राहणाऱ्या दोन स्त्रियांपैकीं जिचा पति किंवा मुलगा अँडर्सच्या सैन्यांत होता, तिला इंग्लंडची बोट मिळाली. जिचें असें कोणी नव्हतें, तिला पूर्व आफ्रिकेंतील दुसऱ्या छावणींत जावें लागलें. दोघींचा वनवास एकच, दोघींनीं सोसलेलें एकच, दोघींस परत जाण्यांतील भय एकच. फरक पडला तो एका पुरुषाच्या नांवानें. सैनिकांचें ऋण ब्रिटननें फेडलें हें योग्यच झालें, पण त्या हिशेबांत स्त्रीच्या स्वतःच्या संकटाचें मोल शून्य धरलें गेलें, हें नाकारतां येत नाहीं.

भारतांत राहण्याची वाटही तशीच नात्याची होती. छावणींतील हाताच्या बोटांवर मोजतां येतील इतक्या तरुणींनीं येथील पुरुषांशीं विवाह केले आणि त्या येथेंच राहिल्या. त्यांपैकीं कोल्हापुरांत संसार मांडलेल्या एका बाईंनीं मराठी नांव घेतलें, लुगडें-चोळी स्वीकारली, आणि त्या उत्तम मराठी बोलत, असें त्यांस पाहिलेले लोक सांगत. शाहू छत्रपतींनीं आपल्या कारकीर्दींत आंतरजातीय विवाहास कायद्याची मान्यता दिलेली ही भूमि. तरीही परधर्मी, परभाषी, छावणींत वाढलेली सून घरांत घेणाऱ्या कुटुंबांचें मन मोठेंच म्हटलें पाहिजे. या विवाहांमागें परवान्याची इच्छा होती, असें सुचविण्याचा आमचा लवलेश हेतु नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं प्रेमानें झालेल्या या विवाहांनीं जें दिलें, तें छावणींतील पांच वर्षांच्या वास्तव्यानें इतर कोणास दिलें नाहीं.

हें कसें, तें आपल्या राज्यघटनेच्या पांचव्या कलमावरून दिसतें. घटना अंमलांत आली, त्या वेळीं नागरिक कोणास म्हणावें, हें त्या कलमांत सांगितलें आहे. त्यांतील एक वर्ग असा : ज्याचा अधिवास भारतांत आहे आणि ज्यानें त्यापूर्वीं निदान पांच वर्षें येथें सामान्यतः वास्तव्य केलें आहे. अधिवास म्हणजे कायमचें घर म्हणून जो देश माणसानें आपलासा केला तो देश, आणि जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणें पत्नीचा अधिवास पतीच्या अधिवासाबरोबर जाई. १९४३ सालीं छावणींत आलेली जी मुलगी विवाह करून येथें राहिली, तिच्यापाशीं १९५० सालीं पांचांहून अधिक वर्षांचें वास्तव्यही होतें आणि विवाहानें आलेला अधिवासही होता. तिच्या मैत्रिणींपाशीं १९४८ पर्यंतचीं तींच वर्षें होतीं, पण अधिवास नव्हता. छावणींतील वर्षांस कायदा मुक्काम समजत होता. त्या मुक्कामाचें घर झालें तें केवळ विवाहानें.

कोणी म्हणेल, यांत वाईट तें काय? विवाहानें घर मिळतें, ही तर जगाची रीतच आहे. खरें आहे. पण ज्या कायद्यानें पतीच्या मागून नागरिकत्व दिलें, त्यानेंच तें पतीच्या मागून काढूनही घेतलें आहे. १९१४ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणें ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश समजली जाई, आणि परकीयाशीं विवाह करणारी ब्रिटिश स्त्री परकीय ठरे. अमेरिकेंत १९०७ च्या कायद्यानें हीच स्थिति होती. १९२२ सालीं तींत सुधारणा झाली, पण ज्यास वंशामुळें नागरिक होतां येत नाहीं अशा पुरुषाशीं विवाह करणाऱ्या स्त्रीचें नागरिकत्व १९३१ पर्यंत जातच राहिलें. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी लोक ‘गोरे’ नाहींत असा निकाल झाल्यावर आधीं नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे दाखलेही रद्द करण्याचे दावे तेथील सरकारानें लावले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ सालीं नागरिक झालेले होते. त्यांच्यावरही दावा आला. आपलें नागरिकत्व गेलें, तर आपल्या अमेरिकन पत्नीचेंही जाईल, हा त्यांच्या बचावांतील एक मुद्दा होता. १९२६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें पंडितांच्या बाजूनें निकाल दिला, आणि १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचें अपील ऐकण्यास नकार दिला. येथें पतीनें पत्नीचें नागरिकत्व वांचविलें, असें म्हणतां येईल. पण तें पतीच्या हातीं होतेंच कां, हा प्रश्न मागें राहतोच.

या व्यवस्थेचा दुसरा दोष याहूनही खोल आहे. आश्रयाचें काम विवाहावर टाकलें, म्हणजे राज्यास विवाहाचा संशय येऊं लागतो. १९३५ सालीं थॉमस मान यांची कन्या एरिका हिचें जर्मन नागरिकत्व नाझी सरकार काढून घेण्याच्या बेतांत असतां इंग्रज कवि ऑडन यानें तिच्याशीं विवाह केला. दोघांची त्यापूर्वीं भेटही झाली नव्हती. तिला ब्रिटिश पासपोर्ट मिळावा, हाच उद्देश होता. आज त्या कृत्यास कोणी पाप म्हणत नाहीं, उलट उपकारच म्हणतात. परंतु अशा उपकाराच्या शक्यतेमुळें पुढील काळांत खरोखरीच्या जोडप्यांस काय सोसावें लागलें, तें पाहावें. १९७९ च्या आरंभीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठीं आलेल्या एका भारतीय स्त्रीची, ती अविवाहित आहे कीं नाहीं हें ठरविण्याच्या निमित्तानें, कौमार्याची वैद्यकीय तपासणी झाल्याचें उघडकीस आलें, आणि भारत सरकारानें निषेध नोंदविला. पुढें १९८० पासून १९९७ पर्यंत ब्रिटनमध्यें असा नियम होता कीं, विवाहाचा मुख्य हेतु त्या देशांत शिरण्याचा नाहीं, हें येणाऱ्यानेंच सिद्ध करावें. मनांतला हेतु नाहीं, हें सिद्ध करावयाचें कसें? १९८५ सालीं युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें निकाल दिला कीं, बायकांस आणावयास सवलत आणि नवऱ्यांस आणावयास अडचण, हा स्त्रीपुरुषांतील अन्याय्य भेद आहे. त्यावर ब्रिटिश सरकारानें उपाय योजला तो असा कीं, बायकांवरही तेवढाच कडक नियम लागूं केला!

आपल्याकडे स्थिति काय आहे? निर्वासितांविषयींच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानें सही केलेली नाहीं, आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही आपण केलेला नाहीं. विवाहाची वाट मात्र १९५५ च्या नागरिकत्व कायद्यांत आहे. आरंभीं ती भारतीयांशीं विवाह केलेल्या स्त्रियांपुरती होती. १९८६ च्या दुरुस्तीनें ती पुरुषांसही मोकळी झाली, ही सुधारणा स्वागतार्हच होती. आज त्यासाठीं सात वर्षांचें वास्तव्य लागतें. परंतु २००३ च्या दुरुस्तीनें ज्यास ‘अवैध स्थलांतरित’ म्हणतात, म्हणजे जो वैध कागदांवांचून आला किंवा मुदत संपूनही राहिला, त्यास ही वाट बंद केली आहे. वळिवड्याची एखादी मुलगी आज आली असती, तिच्या सरकाराची मान्यता गेली असती, तिच्या पासपोर्टाची व राहण्याच्या परवान्याची मुदत संपली असती, तर तिच्या विवाहानेंही हें दार उघडणें कठीण झालें असतें. संशयास आळा घालण्यासाठीं असा नियम असावा, हें आम्हांस समजतें. पण आश्रयाची वाट मुळींच आंखावयाची नाहीं आणि नात्याची वाटही बंद करावयाची, तर ज्याचें संकट खरें आहे त्यानें कोठें जावें, हें सांगण्याची जबाबदारी कोणावर तरी असली पाहिजे.

वळिवड्याच्या बराकी पुढें रिकाम्या राहिल्या नाहींत. पोलिश लोक गेले, आणि फाळणीमुळें सिंधमधून उखडलेलीं कुटुंबें तेथें येऊन राहिलीं. त्या वस्तीचें नांव गांधीनगर. तेथील कापडबाजार आज दूरवर प्रसिद्ध आहे. एकाच छपराखालीं एकामागून एक दोन जमाती आल्या. दोघींच्या मागें जळलेलीं घरें व बंद झालेल्या सीमा होत्या. एकीस उपकाराची मुदत संपतांच उठावें लागलें. दुसरीनें तेथें पेठ वसविली, कारण येथें तुमचें कोण आहे, असें तिला कोणी विचारलें नाहीं. हीं माणसें आपलींच आहेत, असें राष्ट्रानें आधींच ठरविलें होतें, आणि घटनेच्या सहाव्या कलमानें त्यास कायद्याचें रूप दिलें. परक्यांस आणि आपल्यांस राष्ट्रानें सर्वस्वी एका मापानें मोजावें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण गांधीनगरचा बाजार एक गोष्ट निर्विवाद दाखवितो : राहण्याची शाश्वती मिळाली, म्हणजे निर्वासित भार होऊन राहत नाहीं, तो उदमी होतो.

तेव्हां आमचा निष्कर्ष असा. माणसाच्या संकटाचा विचार संकट म्हणूनच व्हावा, त्यासाठीं स्वतंत्र व स्पष्ट कायदा असावा, आणि ती कोणाची कोण, हा प्रश्न दुय्यम राहावा. असें झालें, तर दोन गोष्टी साधतील. भयानें पळून आलेल्या स्त्रीस कोणाच्या तरी नांवाचा आधार शोधीत फिरावें लागणार नाहीं. आणि ज्यांनीं खरोखर एकमेकांस वरलें आहे, त्यांच्या घरांत सरकारी संशयास डोकावण्याचें कारण उरणार नाहीं. वळिवड्यास राहिलेल्या त्या थोड्या स्त्रियांचे संसार सुखाचे झाले असतील, आणि ते तसे झाले असावेत अशीच आमची इच्छा आहे. पण पांच हजारांतून राहण्याचा हक्क कोणास मिळावा, हें ठरविण्याचें काम त्या संसारांवर टाकणें न्यायाचें नव्हतें.